सातव्या नंबरची टपालवाली

आमच्या कॉलेजात जिन्याच्या वळणावर काचेची दारं असलेला एक मोठा लाकडी फलक आहे. मराठीच्या मॅडम त्यावर मुलांकडून भित्तिपत्रक लावून घेतात. पहिल्या वर्षाला असताना मी रोज मधल्या सुट्टीत त्या फलकासमोर उभी राहायचे. साहित्याची फार आवड होती म्हणून नव्हे. तिथे उभं राहिलं की वाचत असल्यासारखं दिसतं आणि कोणाशी बोलावं लागत नाही, एवढंच कारण होतं.

मी विरारजवळच्या नंदाखाल गावची. बाबा सातवी शिकलेले, आई चौथी. आमची थोडी केळीची वाडी आहे आणि पावसाळा सोडला तर घरात सुकेळीचं काम चालतं. राजेळी केळी पिकवून, सोलून, बांबूच्या चटयांवर उन्हात सुकवायची, ती मधासारख्या रंगाची झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. त्यामुळे कॉलेजात नेमकं काय करायचं असतं हे विचारायला कोणी नव्हतं. तास झाला की बसायचं, घंटा झाली की उठायचं, एवढं मला कळलं होतं. घरची बोली तोंडून निसटेल या भीतीने मी वर्गात तोंडच उघडत नसे. त्यात पहिल्या सहामाहीत अर्थशास्त्रात नापास झाले. गुणपत्रिका मी चार घड्या घालून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि मनाशी एक ठरवून टाकलं: वर्ष संपेपर्यंत या कॉलेजात एक तरी गोष्ट आपल्याकडून झाली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला फलकावर सूचना लागली. विषय होता ‘सरत्या वर्षात मला आवडलेलं’. पुस्तकं, नाटकं, गाणी, खेळाडू, काहीही चालेल. पण क्रमवारी लावायची आणि प्रत्येक क्रमांकाचं कारण द्यायचं. मॅडमनी वर्गात येऊन पुन्हा सांगितलं, “‘छान आहे’, ‘मस्त आहे’ मला नको. वरचं वर का आणि खालचं खाली का, ते लिहा.”

मी त्या वर्षी पुस्तकं फारशी वाचली नव्हती. नाटक तर एकही पाहिलं नव्हतं. पण जपानी कार्टूनच्या मालिका मी वर्षभर पाहिल्या होत्या.

हे लिहायला मला आजही थोडं अवघड वाटतं. एकोणीस वर्षांची मुलगी कार्टून पाहते म्हटलं की लोक हसतात. आमचं कॉलेज सकाळचं. विरारहून एसटीने दोनपर्यंत घरी यायचं, जेवायचं, चटयांवरची सुकेळी उलटायची, आणि पाच वाजता केबलवर लहान मुलांचं चॅनल लावायचं. तिथे पाच, साडेपाच आणि सहा अशा तीन वेळांना हिंदीत बोलणाऱ्या जपानी मालिका लागायच्या. एक संपली की त्याच वेळेला दुसरी सुरू व्हायची. वर्षभरात अशा सात झाल्या. त्यांची खरी नावं मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ती कधी वापरलीच नाहीत. आईने सगळ्यांची बारशी केली होती. यंत्रमानवांची मालिका म्हणजे ‘लोखंडे’. एका शाळेचा हँडबॉल संघ होता, ते ‘चेंडूवाले’. जुनी घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा आणि त्याच्यासोबत राहणारा कोल्हा, तो नुसता ‘कोल्हा’. आणि लहान लहान बेटांवर होडीतून पत्रं पोचवणारी एक मुलगी होती, ती ‘टपालवाली’.

“तुझे लोखंडे आले बघ,” आई ओटीवरून ओरडायची. तिला लोखंडे आवडत नसत. “नुसते आपटतात एकमेकांना. कामधंदा नाही मेल्यांना.”

बाबा म्हणायचे, “तुला काय करायचंय? तुझ्या पातेल्यांना हात लावतायत का ते?”

चेंडूवाले मात्र आईला आवडायचे. त्यातला एक बुटका मुलगा सारखा राखीव बाकावर बसलेला असायचा. आई रोज विचारायची, “आज घेतलं का त्याला?”

मी आठवडाभर यादीवर बसले. मॅडमनी कारणं मागितली होती, म्हणून लायब्ररीतून समीक्षेचं एक पुस्तक आणून त्यातले शब्द पाहिले. बांधेसूद, परिणामकारक, व्यक्तिरेखाटन, कथानकाचा सलगपणा. असे शब्द मी आधी कधी वापरले नव्हते. ते वापरताना मला नवी चप्पल घातल्यासारखं वाटत होतं, थोडं टोचणारं पण चारचौघांत दाखवण्यासारखं.

पहिला क्रमांक मी चेंडूवाल्यांना दिला. कारण लिहिलं: ‘कथानक सलग व बांधेसूद आहे.’ दुसरे लोखंडे: ‘प्रत्येक व्यक्तिरेखेची वाढ टप्प्याटप्प्याने दिसते.’ तिसरा कोल्हा. तो माझा लाडका होता, म्हणून तिसरा. पण एक उणीव प्रामाणिकपणे नोंदवली: ‘भागांचे शेवट परिणामकारक होत नाहीत.’ चौथी जुळ्या बहिणींची मालिका. पाचवी आगबोटीवरच्या शाळेची, तिच्यातही तीच उणीव. सहावी डोंगरातल्या वैद्याची. आणि सातवी, शेवटची, टपालवाली. तिच्याबद्दल लिहिलं: ‘कथानक तुटक आहे. पात्रे अचानक येतात व अचानक नाहीशी होतात. प्रेक्षकाला मालिकेशी नाते जोडता येत नाही.’

हे शेवटचं वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं. टपालवालीच्या एका भागात ती ज्या बेटावर पत्र घेऊन जाते तिथे कोणीच राहत नसतं. ती सगळ्या रिकाम्या घरांची दारं वाजवते आणि मग घाटाच्या पायरीवर बसून विचार करते, की हे पत्र आता परत न्यायचं की इथेच ठेवायचं. तेवढ्यावर माझं पाहणं संपलं होतं. तिने काय केलं ते मला माहीत नव्हतं. एसटीत बसलं की पुष्कळदा ते आठवायचं. पण आठवतं हे काही कारण नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. पुस्तकात तसं कारण कुठे दिलेलं नव्हतं.

शनिवारी मी ते पान स्वच्छ अक्षरात लिहून भित्तिपत्रक सांभाळणाऱ्या मुलाकडे दिलं. तो माझ्याच वर्गातला, विरारच्या एका सोसायटीत राहणारा. त्याच्या घरी कॉम्प्युटर होता आणि त्याला जगातलं सगळं माहीत असायचं. मी कुठून येते हे त्याने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं आणि तेव्हापासून मला गावाच्या नावानेच हाक मारत होता.

त्याने उभ्या उभ्या पान वाचलं आणि डोळे मोठे केले. “ए नंदाखाल! तू ॲनिमे बघतेस?”

तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. “जपानी कार्टून,” मी म्हटलं.

“अगं तेच. त्याला ॲनिमे म्हणतात.” त्याने पुन्हा पान पाहिलं. “हे काय यार? ही होडीवाली सातवी? शेवटची? डोकंबिकं फिरलंय का तुझं? ती तर सगळ्यात भारी आहे.”

“कथानक तुटक आहे,” मी म्हणाले.

“तुटक?” तो हसायला लागला. “बरं बाई. तू समीक्षक, आम्ही पामर.”

मला वाटलं, तो माझी टिंगल करतोय. तो आणखी काही बोलायच्या आत मी जिना उतरून एसटी गाठली. वाटेत मात्र बरं वाटत होतं. टिंगल का होईना, सोमवारी माझं पान काचेमागे लागणार होतं. माझं नाव त्याच्याखाली असणार होतं. स्वतःला घातलेली अट मी पुरी केली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. नाताळ आठवड्यावर आला होता. शेजाऱ्यांच्या ओट्यावर येशूजन्माचा गोठा करायला पेंढा येऊन पडला होता आणि त्यांची मुलं बांबूच्या काड्यांचा तारा बांधत होती. आमच्याकडे नाताळच्या मागणीची सुकेळी निवडायचं काम होतं. आम्ही तिघं मागच्या अंगणात बसलो. निवडायची रीत अशी, की तीन टोपल्या ठेवायच्या. उत्तम सुकलेलं, अखंड, एकसारख्या रंगाचं ते पहिल्या टोपलीत. रंगाला कमी किंवा तुटलेलं ते दुसरीत. ते घरासाठी किंवा ओळखीच्यांना. तिसरी टोपली जरा लांब, उन्हाच्या बाजूला. अंगठ्याने दाबून पाहिल्यावर मध्ये ओलं लागलं, तर ते केळं तिसऱ्या टोपलीत टाकायचं. ती टोपली वाईटाची नव्हे. त्यातली केळी दुसऱ्या दिवशी पुन्हा चटईवर जातात. लहानपणी मी एकदा तसं ओलं केळं दुसऱ्या टोपलीत टाकलं होतं. तेव्हा आईने हातावर चापट मारली होती. “ते वाईट आहे असं कोणी सांगितलं तुला? त्याला अजून ऊन खायचंय.”

आईने विचारलं, “काय लिहून दिलंस एवढं? आठवडाभर डोकं वर नव्हतं.”

कच्ची प्रत माझ्याकडे होतीच. हात चिकट झाले होते, म्हणून दोन बोटांनी कागद धरून मी वाचून दाखवला. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो. इथे मी ते पुस्तकी मराठीत लिहिते आहे, पण मूळ बोलणं यापेक्षा पुष्कळ खरमरीत होतं.

बाबांना काही कळलं नाही, पण त्यांना अभिमान वाटत होता. “व्यक्तिरेखाटन,” ते हळूच म्हणाले. “बघा.”

आई मात्र हातातलं केळं दाबत थांबली. “पुन्हा सांग. पहिला नंबर कोणाचा?”

“चेंडूवाल्यांचा.”

“ते कितीला लागायचे?”

“पाचला.”

“आणि लोखंडे?”

“तेही पाचलाच. चेंडूवाले संपल्यावर.”

“त्या जुळ्या बहिणी?”

“पाचला.”

“कोल्हा?”

“साडेपाचला.”

“ज्याचे शेवट तुला आवडले नाहीत तो.”

“हो.”

“शेवट पाहिलेस कधी?”

मी कागद खाली घेतला.

त्या वर्षी आमच्या गावात भारनियमन होतं. संध्याकाळी पावणेसहाला वीज जायची ती सव्वाआठला यायची. साडेपाचची मालिका निम्मी झाली की पडद्यावर एक ठिपका राहायचा आणि तोही विझायचा. सहाची मालिका तर लागायचीच नाही. म्हणजे आमच्याकडे लागायची नाही. गणपतीत आणि दिवाळीत वीज जात नसे. साडेपाचला त्या दिवसांत सणाचे खास कार्यक्रम असायचे, त्यामुळे कोल्ह्याचे आणि आगबोटीचे शेवट तेव्हाही हुकले. सहाची मालिका मात्र तेवढे दिवस पाहिली होती: गणपतीत डोंगरातल्या वैद्याचे शेवटचे दोन भाग, मग लगेच सुरू झालेली टपालवाली. तिचे सप्टेंबरात काही भाग, मग मध्ये सगळा अंधार, मग एकदम दिवाळीत काही भाग, त्यातला शेवटचा रिकाम्या बेटाचा. आम्हाला त्या अंधाराची इतकी सवय झाली होती, की यादी करताना तो माझ्या डोक्यातही आला नाही. ऊन-पाऊस असतो, तशी पावणेसहाला वीज जाते.

“आणि ही सातवी?” आईने विचारलं. “होडीवाली पोर?”

“सहाला,” मी म्हणाले.

“म्हणजे लाइट गेली त्याचा दोष त्या पोरीला?”

बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. “अगं, यादी हिने केलीच नाही! वीज मंडळाने केली, हिने फक्त अक्षर काढलं!”

“तुम्ही गप्प बसा,” आई म्हणाली. ती हसत नव्हती. तिने हातातलं केळं माझ्यापुढे धरलं. “हे घे, दाब. काय लागतं?”

“ओलं.”

“कुठे टाकशील?”

मी ते तिसऱ्या टोपलीत ठेवलं.

“एवढं तुला सहाव्या वर्षापासून येतं,” आई म्हणाली आणि पुढचं केळं उचललं.

त्या दिवशी मग मला काहीच सुचेना. कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. कारणं खोटी नव्हती. मला खरंच तसं वाटलं होतं. कथानक तुटक होतं, पात्रं अचानक नाहीशी होत होती, शेवट कळत नव्हते. प्रत्येक वाक्य मी मनापासून लिहिलं होतं आणि तरी त्यातलं निम्मं त्या मालिकांबद्दल नव्हतंच. आता दोन रस्ते होते. गप्प बसायचं, म्हणजे पान लागणार, नाव लागणार, अट पुरी. किंवा सोमवारी जाऊन ते परत मागायचं, म्हणजे नाव लागणार नाही, आणि शिवाय सगळ्यांसमोर बोलावं लागेल.

आईने मला काय करायचं ते सांगितलं नाही. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. बाबा मात्र झोपायला जाताना म्हणाले, “राहू दे गं. कोणाला कळतंय?” तेच ऐकून मला कळलं, की ते पान मी राहू देऊ शकणार नाही.

सोमवारी पहिल्या एसटीने गेले. तरी उशीर झालाच. विरारचा तो मुलगा आणि आणखी तीन-चार जण काचेची दारं उघडून पानं चिकटवत होते. त्याच्या हातांना कोपरापर्यंत खळ लागली होती.

“आली, आली! समीक्षक आली,” तो म्हणाला. “तुझं लागलं पण. मधोमध लावलंय. बोल, थँक्यू बोल.”

“मला ते काढायचंय,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की त्याने “काय?” विचारलं. मी पुन्हा म्हणाले.

“आता? खळ वाळली, फाटेल ते. आणि का?”

“ते चुकलंय.”

“शुद्धलेखन? अगं, कोण बघतंय.”

“शुद्धलेखन नाही. क्रमवारी.”

“मी बोललो नव्हतो? होडीवाली सातवी कशी असेल!” तो इतरांकडे वळला. “मी हिला शनिवारीच बोललो.”

तेवढ्यात मॅडम वर आल्या. त्यांनी काय चाललंय ते विचारलं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मॅडम माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मला कळलं, की आता दुसरं कोणी माझ्यासाठी बोलणार नाही. सहा महिन्यांत मी त्यांच्या तासाला ‘हजर’ याशिवाय काही बोलले नव्हते.

मी सांगितलं. नीट नाही सांगितलं. आधी टोपल्यांचं सांगितलं, मग पावणेसहाचं, मग पुन्हा मागे जाऊन मालिकांच्या वेळा सांगितल्या. मध्ये एकदा घरचा शब्द आला, तो सुधारायला गेले तर पुढचं विसरले. पण कोल्ह्याचे शेवट मी कधी पाहिलेच नाहीत आणि तरी ते परिणामकारक नाहीत असं लिहिलं, इथपर्यंत आले आणि सगळे हसायला लागले. माझा चेहरा पडला. मग लक्षात आलं, की ते मला हसत नव्हते.

“आमच्याकडे सात ते साडेनऊ जाते,” नालासोपाऱ्याची एक मुलगी म्हणाली. “माझ्या आजीला विचार, सासू-सुनेच्या मालिकांत कोण कोणाची सून आहे. तिला आजपर्यंत पत्ता नाही.”

“आमच्या निर्मळला क्रिकेटची दुसरी इनिंग नसतेच,” मागून कोणीतरी म्हणालं. “आमच्या गावात भारत प्रत्येक मॅच जिंकलेला असतो. दुसऱ्या दिवशी पेपरात हरतो.”

“पण कॉलेजात येऊन कार्टून?” एकजण म्हणालाच. “बालवाडीत लाव ना हे.”

“तू बस,” विरारवाला त्याला म्हणाला. “तू क्रिकेटपटूंच्या केशरचनांची यादी दिलीयस.”

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांचा चष्मा थोडा हलला. त्यांनी माझं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, “हे काढायचं नाही.”

“पण मॅडम, ते चूक आहे.”

“असू दे. शेजारी वीतभर जागा आहे. मधली सुट्टी संपेपर्यंत मला दुसरं लिहून दे. आत्ता जे सांगितलंस तेच, पण ओळीने. आधी वीज, मग टोपल्या.”

मला ते नको होतं. चूक काढून टाकता आली असती तर बरं झालं असतं. आता ती माझ्या नावासकट काचेमागे राहणार होती, आणि शेजारी मीच तिच्याबद्दल सांगणार होते. मी लायब्ररीत जाऊन बसले. समीक्षेचं पुस्तक समोरच्या कपाटात होतं, ते घेतलं नाही. कागदाचे तीन भाग केले. पहिल्या भागात पूर्ण पाहिलेल्या तीन मालिका, क्रमाने. दुसऱ्या भागात काहीच येईना, कारण वाईट म्हणावी अशी एकही नव्हती. तो भाग मी खोडला. तिसऱ्या भागावर लिहिलं, ‘अजून ऊन खायचंय’. त्याखाली कोल्हा, आगबोट, वैद्य आणि टपालवाली. प्रत्येकीपुढे आमची वीज कधी जायची ते लिहिलं आणि मी कुठपर्यंत पाहिलंय ते. टपालवालीपुढे लिहिलं: ‘ती रिकाम्या बेटाच्या घाटावर पत्र घेऊन बसली आहे. पुढे काय झाले ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचे आहे.’

पेन खाली ठेवताना दप्तराच्या आतल्या कप्प्याला हात लागला. चार घड्यांचा तो कागद तिथेच होता. मी तो बाहेर काढला, उलगडला आणि अर्थशास्त्राच्या वहीत सपाट करून ठेवला.

नवं पान लागलं. फार मोठं काही झालं असं नाही. पण दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर काच उघडून कोणीतरी समासात पेन्सिलने लिहिलं होतं, ‘आगाशी, साडेसहा ते नऊ’. त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘अर्नाळा, तेच’. मग आणखी गावं आली. त्यांच्यासमोर कोणाचं काय बघायचं राहिलं तेही आलं. एकाने लिहिलं, ‘प्रेमपत्राचा शेवट, मेणबत्ती संपली.’ मॅडमनी ते पाहिलं आणि पुसलं नाही. सुट्टीत मी फलकासमोर उभी राहिले की आता कोणीतरी शेजारी येऊन बोलायचं, आणि मलाही बोलावं लागायचं.

नाताळच्या आठवड्यात आमच्या गावात वीज गेली नाही. टपालवालीचे पाच भाग मला सलग मिळाले, पण ते पुढचे होते. रिकाम्या बेटाचं तिथे काही कळलं नाही. जानेवारीत विरारवाला म्हणाला, “ए नंदाखाल, माझ्याकडे सगळे भाग सीडीवर आहेत. आमच्याकडे इन्व्हर्टर पण आहे. आई बोलली, तुला आणि नालासोपाऱ्याला रविवारी घेऊन ये. फुकट बघायचं नाही पण.”

“मग?”

“सुकेळी.”

म्हणून आम्ही काही रविवारच्या दुपारी त्याच्या घरी गेलो. त्याची आई आमच्या मागे बसून भाजी निवडायची आणि अधूनमधून विचारायची, “ही एकटीच जाते का गं होडीतून? घरचे काही बोलत नाहीत?” रिकाम्या बेटाचा भाग आला तेव्हा मी पुढे सरकून बसले. टपालवाली पत्र परत नेत नाही आणि ठेवूनही जात नाही. ती घाटावर बसून ते मोठ्याने वाचते. सगळं, अगदी खालच्या सहीपर्यंत. मग घडी घालून पिशवीत ठेवते आणि पुढच्या बेटाकडे निघते. सहीवरून पत्र कोणी लिहिलं होतं ते कळतं, आणि तो धागा पुढे कितीतरी भाग चालतो. माझ्या त्या ‘अचानक नाहीशा होणाऱ्या’ पात्रांपैकी एकही नाहीसं झालेलं नव्हतं.

मार्चपर्यंत टपालवाली संपली. कोल्हाही त्याच्याकडेच पुरा पाहिला. वैद्य आणि आगबोट राहिले ते राहिलेच.

मे संपत आला तेव्हा निकाल लागला. अर्थशास्त्रात मी जेमतेम सुटले, पण सुटले. मराठीत बरे गुण होते. निकालासोबत दुसऱ्या वर्षाचा फॉर्म आणला. त्या दिवशी अंगणात मोसमातल्या शेवटच्या चटया होत्या. आभाळ भरून यायला लागलं होतं, म्हणून आई-बाबा घाईत सुकेळी गोळा करत होते. फॉर्म ओटीवर दगडाखाली ठेवून मीही हात लावला.

“ती होडीवाली संपली ना तुझी?” आईने विचारलं.

“केव्हाच.”

“मग कितवी आली?”

मी त्याचा पुष्कळ विचार केला होता. सगळ्यांना वाटलं होतं मी तिला आता पहिली करणार. विरारवाला तर तसं धरूनच चालला होता. पण चेंडूवाल्यांतला तो बुटका मुलगा शेवटच्या सामन्यात मैदानात उतरला होता तेव्हा आई आणि मी दोघी उभ्या राहिलो होतो. ते खाली ढकलणं मला जमलं नाही. आणि कोल्ह्याचे शेवट, पाहिल्यावर कळलं, सगळ्यांत सुंदर होते.

“तिसरी,” मी म्हणाले.

“पहिली नाही?” बाबांनी विचारलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

“नाही. पहिले चेंडूवालेच. दुसरा कोल्हा. ती तिसरी.”

“लोखंडे?”

“घसरले.”

“बरं झालं,” आई म्हणाली. तिने हातातलं केळं दाबून पाहिलं आणि पहिल्या टोपलीत टाकलं. मग ओटीकडे पाहिलं. “तो कागद कसला दगडाखाली?”

“फॉर्म आहे. दुसऱ्या वर्षाचा. पालकांची सही लागते.”

“मग थांबलीस कशाला? पाऊस आला तर भिजेल.”

बाबांनी हात धुतले, लुंगीला पुसले, सही केली, आणि तरी फॉर्मच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा चिकट डाग पडलाच. कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनाने तो पाहून तोंड वाकडं केलं, पण फॉर्म घेतला.